सोळाव्या अध्यायातली माणसं आणि माझा अर्ज

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेबांखेरीज आणखी काही जणांना उपासनेत बायबलचं वचन सांगण्याची परवानगी असते. त्यांना ले प्रीचर म्हणतात. पगार नसतो. आधी अर्ज, मग मुलाखत, वर्ग, परीक्षेचा संदेश (म्हणजे प्रवचन) आणि सगळं पार पडलं की एक पत्र मिळतं. २०२४ मध्ये मी या सगळ्यातून गेले. मी एका रुग्णालयाच्या धुलाई विभागात काम करते. शाळा दहावीपर्यंत झाली आहे. मंडळीत माझ्याकडे उपासनेआधी खुर्च्या लावण्याचं, गीतपुस्तकं मांडण्याचं आणि आजारी सभासदांना भेटून येण्याचं काम आहे. माझ्यासारख्या कुणाला असा अर्ज मिळाला असेल आणि तो अजून पाकिटातच असेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. नियम प्रत्येक मंडळीत थोडे वेगळे असतील, पण टप्पे साधारण हेच.

२१ जानेवारीला उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबायला सांगितलं. त्याआधीच्या महिन्यात स्त्रियांच्या प्रार्थनासभेत मी दहाएक मिनिटं बोलले होते, बायबलातल्या २ राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातल्या एका मुलीवर. इस्राएलातून धरून नेलेली मुलगी, नामान सेनापतीच्या घरी त्याच्या बायकोची दासी. आपल्या धन्याचं कोड बरं करू शकेल असा संदेष्टा शोमरोनात आहे, एवढं ती मालकिणीला सांगते आणि गोष्ट तिच्यावाचून पुढे जाते. तिचं नाव कुठेच येत नाही. त्या बोलण्याबद्दल कुणीतरी पाळकसाहेबांना सांगितलं असावं. त्यांनी पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, "ताई, भरायलाच हवा असं नाही. पण घरी नेऊन वाचा, प्रार्थना करा."

"साहेब, मला चार माणसांत बोलता येत नाही," मी म्हणाले.

"हे मोशे आधीच बोलून गेलाय," ते म्हणाले. "निर्गमचा तिसरा आणि चौथा अध्याय परत वाचा. पण देव काय उत्तर देतो, तिकडे बघा."

त्या आठवड्यात मी ते दोन अध्याय पुन्हापुन्हा वाचले. इस्राएल लोकांना मिसरातून सोडवायला देव मोशेला पाठवतो. मोशे विचारतो, फारोकडे, म्हणजे मिसरच्या राजाकडे, जाणारा मी कोण? देव त्याला त्याचे गुण मोजून दाखवत नाही. तू राजवाड्यात वाढलास, तुला मिसरी रीतभात ठाऊक आहे, असलं काहीही म्हणत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच म्हणतो. पुढे मोशे आपल्या जड जिभेची तक्रार करतो, तेव्हाही ती जीभ सैल झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. देव त्याचा भाऊ अहरोन याला सोबत देतो आणि जीभ आहे तशीच घेऊन मोशे निघतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपण आधी वेगळे व्हायचं आणि मग देवाने आपल्याला वापरायचं, असा क्रम मी मनात धरून बसले होते. त्या पानांवर तो क्रम नाही.

मग अर्ज उघडला. चार पानं होती. पहिल्या दोन पानांवर नाव, पत्ता, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख, सभासद क्रमांक. तिसऱ्या पानावर 'शिक्षण व नेतृत्वाचा अनुभव' असा मोठा चौकोन आणि त्याखाली एक प्रश्न: देवाने तुम्हांला या सेवेसाठी बोलावलं आहे असं तुम्हांला कशावरून वाटतं? चौथ्या पानावर प्रतिज्ञा आणि सह्या. अर्जाची झेरॉक्स काढा आणि आधी ती पेन्सिलीने भरा, हा माझा पहिला सल्ला. मूळ अर्जावर खाडाखोड चालत नाही, शिवाय पहिल्या दिवशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी नको वाटतं.

नेतृत्वाच्या चौकोनात मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. सरतेशेवटी जे होतं तेच लिहिलं: खुर्च्या, गीतपुस्तकं, आणि अंथरुणाला खिळलेल्या सभासदांना रविवारचा संदेश फोनवर रेकॉर्ड करून ऐकवायला नेणं. प्रश्नाच्या उत्तरात मला कुठलाही दृष्टान्त झालेला नाही असं स्पष्ट लिहिलं. इतरांनी सुचवलं, वचन वाचताना ते दुसऱ्याला सांगावंसं वाटतं, आणि नकार द्यायला माझ्याकडे भीतीखेरीज कारण नाही, अशी तीन वाक्यं. असा रकाना पुढ्यात आला तर खरं आणि थोडं लिहा. मुलाखतीत त्यातलं प्रत्येक वाक्य विचारलं जातं.

सगळ्यांत जास्त दमवलं ते बाप्तिस्म्याच्या दाखल्याने. माझा बाप्तिस्मा दुसऱ्या मंडळीत झाला, तोही तान्हेपणी आणि माहेरच्या नावाने. आत्ताची सगळी कागदपत्रं सासरच्या नावाची. जुन्या मंडळीला पत्र पाठवलं, महिनाभर उत्तर नाही. फोन केल्यावर कळलं की वर्ष माहीत असल्याशिवाय नोंदवही शोधायला फार वेळ लागतो. मग आईकडून वर्ष विचारून घेतलं, तिचं आणि वडिलांचं पूर्ण नाव, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचं नाव आणि धर्ममातापित्यांची नावं घालून पुन्हा पत्र लिहिलं. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं. पंधरवड्यात दाखला आला. नावातला फरक जुळवायला चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीचा उतारा पुरला. कुणी अर्जाच्या विचारात असाल तर हे पत्र आजच टाका. बाकीचं सगळं त्यामागून होतं.

दोन शिफारसपत्रं लागतात. एक मंडळीतल्या, पण नात्यात नसलेल्या व्यक्तीचं आणि दुसरं मंडळीबाहेरच्या ओळखीचं. पहिलं आमच्या इथल्या एका निवृत्त शिक्षिकेने दिलं. दुसरं मी आमच्या सुपरवायझर मॅडमकडे मागितलं. त्या ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे विचारताना अवघड वाटलं. त्यांनी पाच ओळी लिहून दिल्या. त्यातली एक मला पाठ आहे: हिने मोजलेल्या चादरींच्या आकड्यावर मी न मोजता सही करते. हे वाक्य कमिटीत मोठ्याने वाचलं गेलं, असं मला नंतर समजलं.

अर्जाला फी नव्हती. झेरॉक्स, फोटो, टपाल एवढाच पैशांचा खर्च. खरा खर्च पुढे जूनपासून आला, शनिवारच्या वर्गांसाठी सोडाव्या लागलेल्या ओव्हरटाइमचा. घरात बोलून तो आधीच ठरवून ठेवला होता, म्हणून मध्येच सोडायची वेळ आली नाही.

दाखला मागून जोडायच्या अटीवर २८ जानेवारीला मी अर्ज दिला. मंडळीची कमिटी दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी बसते. ९ फेब्रुवारीला कोरम भरला नाही, विषय पुढे गेला. १४ तारखेला राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला आणि मी थांबले. दाखल्याचीही वाटच बघत होते. या काळात फार एकटं वाटतं, हे सांगून ठेवते. कुणी काही विचारत नाही, आपल्याला कुणाला विचारावंसं वाटत नाही. मी रोज रात्री शास्ते पुस्तकातला सहावा अध्याय थोडाथोडा वाचत होते. गिदोन शत्रूंपासून, मिद्यान्यांपासून, लपून द्राक्षकुंडात गहू झोडतो आहे, त्याचं कुळ मनश्शे वंशात सगळ्यांत दुबळं आणि बापाच्या घरात तो सगळ्यांत लहान. तशात देवदूत त्याला बलवान वीर म्हणून हाक मारतो. तुझ्याजवळ आहे त्याच बळाने जा, असं त्याला सांगितलं जातं.

८ मार्चला कमिटीने ठराव केला. पण आधी एका सभासदाने शिक्षणाचा मुद्दा काढला होता. पाळकसाहेबांनी मला ते आडपडदा न ठेवता सांगितलं, हे बरं झालं. वाईट वाटलं. दोन दिवस मी त्यावर कुणाशी बोलले नाही. पण विचार करता करता मला त्या सभासदाच्या म्हणण्यात तथ्य दिसू लागलं. प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये येशूचे शिष्य पेत्र आणि योहान ही अशिक्षित, सामान्य माणसं आहेत हे पाहून न्यायसभा आश्चर्य करते आणि ही येशूबरोबर होती हे तिच्या लक्षात येतं. आपण हे वचन आवडीने सांगतो. पण येशूबरोबर राहणं म्हणजे रोज ऐकणं, विचारणं, चुकणं, पुन्हा ऐकणं. ती शाळाच होती. जुन्या करारातला आमोस म्हणतो की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगा नाही, मी गुरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. आणि तोच आमोस पहिल्या दोन अध्यायांत दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी भोवतालची राज्यं त्यांच्या अपराधांसह एकेक करून पुढ्यात मांडतो. राना-शेतात राबणाऱ्या त्या माणसाला जगाची खडान्‌खडा माहिती होती आणि त्याचं प्रत्येक वाक्य घडवलेलं आहे. देव साध्या माणसाला घेतो याचा अर्थ देवाला अर्धवट तयारी चालते, असा मी तरी काढणार नाही. ठरावात वाचनाची जास्तीची अट घातली होती. मी ती आनंदाने मान्य केली.

ईस्टर ३१ मार्चला झालं आणि १३ एप्रिलला मुलाखत. समोर तिघं होते, त्यांतल्या एक बाई. विश्वासाबद्दल, प्रार्थनेबद्दल, मंडळीत वाद झाला तर काय कराल याबद्दल विचारलं. मग एक प्रश्न आला, देवाने तुमचा उपयोग करून घेतल्याचं एखादं उदाहरण सांगा. मला मोठं काही आठवेना. मी म्हणाले, एका आजींना मी दर आठवड्याला संदेश ऐकवायला जाते. त्यांना ऐकू कमी येतं, पण फोन कानाशी धरला की त्या गीताबरोबर ओठ हलवतात. याचा काय उपयोग झाला हे मला सांगता येणार नाही. त्या बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. मुलाखतीला जाताना उदाहरणं तयार करून नेऊ नका. तुमच्या आठवड्यात जे घडतं तेच सांगा, त्यावर उलट प्रश्न आले तरी उत्तर सापडतं.

जून ते ऑगस्ट शनिवारचे वर्ग. जुना करार, नवा करार, उपासना चालवणं, संदेश तयार करणं, आणि मुलांच्या व दुर्बळ व्यक्तींच्या सुरक्षिततेवरचा एक वर्ग, जो चुकवला तर परवानगी मिळत नाही. धुलाईची यंत्रं चालू असताना काही ऐकू येत नाही, पण घड्या घालायच्या खोलीत शांतता असते. तिथे मी शास्त्रभाग स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायचे. वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते ऐकून शिरलं. आपलं वाचन किती घाईचं आहे हेही त्यातूनच कळलं.

संदेशाच्या वर्गात आमच्या शिक्षकांनी एक घटना सांगितली. ६ जानेवारी १८५० हा रविवार. इंग्लंडातल्या कोलचेस्टर गावात बर्फाचं वादळ. पंधरा वर्षांचा एक मुलगा ठरलेल्या ठिकाणी पोहोचू न शकल्याने प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाच्या एका लहानशा चॅपलमध्ये शिरतो. त्या दिवशीचे पाळक आलेले नसतात. जमलेल्या मोजक्या लोकांतला एक साधा माणूस उभा राहतो आणि यशया ४५:२२ वाचतो. माझ्याकडे पाहा म्हणजे तुमचं तारण होईल, असं देव तिथे सांगतो. त्या माणसाकडे बोलायला फारसं काही नसतं, म्हणून तो वचनालाच धरून राहतो. त्या मुलाचं जीवन तिथे पालटलं. तो चार्ल्स स्पर्जन, पुढे लंडनमध्ये हजारोंना वचन सांगणारा. उभा राहिलेल्या माणसाचं नाव आजही खात्रीने सांगता येत नाही.

वर्गात सगळे स्पर्जनबद्दल बोलू लागले. माझ्या मनात मात्र तो दुसरा माणूस राहिला. पुढच्या रविवारी पाळक आले असतील आणि तो पुन्हा आपल्या बाकावर बसला असेल.

ऑगस्टअखेर परीक्षेच्या संदेशासाठी चिठ्ठ्या काढल्या. कुणाला तेविसावं स्तोत्र, कुणाला चांगला शोमरोनी. माझ्या चिठ्ठीत रोमकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, अध्याय १६, वचनं १ ते १६ आणि २१ ते २३. उघडून पाहिलं तर नुसती नावं. याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. वर्गातल्या एका बहिणीने मला चिठ्ठी बदलून मागायला सुचवलं. मागावी असं मलाही वाटलं होतं. पण नियमात ते बसत नव्हतं, आणि आज मला वाटतं की वर्षभरातली सगळ्यांत मोठी कृपा त्या चिठ्ठीतच होती.

आधी नावं उच्चारायला शिकले. अपैनत, अंप्लियात, स्ताखू, त्रुफैना, त्रुफासा, असुंक्रित, फिललोगस. मग वहीत उतरवून काढली. ३ ते १५ या वचनांत ज्यांना सलाम आहे अशी चोवीस नावं आहेत, आणि शिवाय नावाविना दोन स्त्रिया: रूफाची आई आणि निरीयसाची बहीण. पौल हे पत्र करिंथातून लिहितो, साधारण इसवी सन ५७ च्या सुमाराला. तोवर तो रोमला गेलेलाही नाही. यांतली बरीच माणसं त्याला इतरत्र भेटलेली असावीत. यांतली कित्येक नावं त्या काळी गुलामांमध्ये आणि गुलामीतून सुटलेल्यांमध्ये सर्रास आढळणारी आहेत, असं अभ्यासक सांगतात. प्रिस्का आणि अक्विला तंबू शिवून पोट भरणारं जोडपं. त्यांच्या घरात मंडळी जमते. मरीया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सिस या चौघींबद्दल पौल एकच गोष्ट सांगतो, की त्यांनी श्रम केले. कसले ते सांगत नाही. रूफाच्या आईला तो स्वतःचीही आई म्हणतो. तिने त्याच्यासाठी केव्हा काय केलं, हे फक्त त्या दोघांना ठाऊक. पहिल्या वचनातली फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका. हे पत्र रोमला तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज जगभर ज्यावर ग्रंथ लिहिले जातात ते पत्र एका बाईच्या सामानात, समुद्रावरून आणि रस्त्याने गेलं.

आणि बाविसावं वचन. तिथे अचानक वेगळाच आवाज येतो: हे पत्र लिहून काढणारा मी तर्तिय तुम्हांला प्रभूमध्ये सलाम सांगतो. सोळा अध्याय पौल बोलतो आणि हा लिहितो. नीतिमान विश्वासाने जगेल, हे याच्या बोटांतून उतरलं. कशानेही आपण ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही, हेही. एका ओळीपुरता तो मान वर करतो, आणि पौल त्याला ती ओळ लिहू देतो. त्या रात्री मला झोप आली नाही. इतका वेळ मी हा अध्याय पत्राचं शेपूट समजून उलटत आले होते.

याच अध्यायामुळे मला जे म्हणायचं होतं ते सापडलं. लहान माणसाला देव वापरतो हे सांगताना आपण बहुतेक वेळा दावीद घेतो. मेंढरं राखणारा धाकटा मुलगा, त्याचा राजा झाला. ही गोष्ट खरी आहे आणि मला प्रिय आहे. पण ती ऐकून खुर्च्या लावणाऱ्या माणसाला वाटतं की आपली वेळ अजून यायची आहे, आज आपण जे आहोत ते तात्पुरतं आहे. तर्तिय पुढे कुणी झाला असं लिहिलेलं नाही. नामानाच्या घरातली मुलगी दासीच राहिली असेल. येशूला पाच भाकरी आणि दोन मासळ्या देणारा मुलगा त्या संध्याकाळी घरी गेला असेल. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, टाकणारी विधवा येशू आपल्याबद्दल काय बोलला हे न ऐकताच निघून गेली असेल. ही माणसं मोठी झाल्यावर देवाला उपयोगी पडली नाहीत. होती तेवढीच असताना पडली, आणि तेवढीच राहिली. निर्गमच्या पहिल्या अध्यायात इब्र्यांची मुलगी-मुलगा न पाहता बाळं जगवणाऱ्या दोन सुइणींची नावं दिलेली आहेत, शिप्रा आणि पुवा. मुलगे मारण्याच्या ज्याच्या हुकमाला त्यांनी दाद दिली नाही त्या राजाला मात्र नुसतं फारो म्हटलं आहे. तो नेमका कोणता राजा, यावर आजही वाद चालतो. सुइणींच्या नावांबद्दल वाद नाही.

२२ सप्टेंबरला दुसऱ्या एका मंडळीत, सायंउपासनेत, परीक्षेचा संदेश झाला. पंधरा मिनिटांची मर्यादा. दोन परीक्षक शेवटच्या बाकावर कागद घेऊन बसलेले. माझे हात थरथरत होते, म्हणून कागद व्यासपीठावर ठेवूनच वाचले. तुम्हीही हातात धरू नका. अक्षर मोठं आणि प्रत्येक कागदाच्या एकाच बाजूला. नावं वाचताना मी सावकाश वाचली, प्रत्येक नावापाशी थांबून. समोर कुणी चुळबुळ केली नाही. उपासना झाल्यावर एक आजोबा आले आणि एवढंच म्हणाले की त्यांनी आयुष्यभर चर्चची घंटा वाजवली.

आठवडाभराने परीक्षकांचा अभिप्राय आला. शास्त्रभागाची हाताळणी चांगली. बोलण्याची गती जास्त. मधल्या भागात उदाहरणं फार झाल्याने मुख्य मुद्दा सैल पडला, तो भाग पुन्हा लिहून पाठवावा. मी पुन्हा लिहिला, दोन उदाहरणं गाळली. ऑक्टोबर वाट पाहण्यात गेला. या खेपेला वाट पाहणं सोपं गेलं. निकाल काहीही लागला तरी तो अध्याय माझ्याकडून कुणी परत घेणार नव्हतं.

पत्र १० नोव्हेंबरला हाती आलं. परवानगी तीन वर्षांची, दरवर्षी ठरावीक वर्ग केले तर पुढे नूतनीकरण. २४ तारखेच्या उपासनेत मला आणि आणखी दोघांना पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून मंडळीने प्रार्थना केली. माझे यजमान आणि सुपरवायझर मॅडम शेजारी शेजारी बसले होते.

पहिला पूर्ण संदेश ८ डिसेंबरला, नाताळआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी. नेमलेला शास्त्रभाग लूक ३:१ ते ६. इथेही नावांनीच सुरुवात आहे, पण दुसऱ्या प्रकारच्या. तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, पंतय पिलात सुभेदार, हेरोद, फिलिप्प आणि लुसनिय आपापल्या मुलखांचे मांडलिक, हन्ना आणि कयफा प्रमुख याजक. साम्राज्य, प्रांत, मंदिर, सगळ्या गाद्या लूक ओळीने मांडतो आणि मग लिहितो की देवाचं वचन रानात जखऱ्याचा मुलगा योहान (बाप्तिस्मा करणारा) याला प्राप्त झालं. सात मोठी नावं वचनाने ओलांडली. मी हे सांगितलं, आणि या यादीशेजारी रोमकरांस पत्रातली यादी ठेवली. तयारीला मला तीन आठवडे पुरले नसते, म्हणून तारीख कळल्याच्या दिवशीच सुरुवात केली होती. नव्या उपदेशकांनी पहिला संदेश घरात एकदा तरी कुणासमोर उभं राहून बोलून पाहावा. मला त्यातूनच कळलं की माझा शेवट दोनदा येतो आहे, आणि एक काढून टाकला.

त्या सकाळी खुर्च्या मीच लावल्या. तो माझा वार होता.

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या शाळेत हजेरी घेणाऱ्या एका बहिणीने अर्ज मागितला. तिच्या चौकोनात काय लिहावं यावर आम्ही एक संध्याकाळ बसलो. ती मुलांची हजेरी घेते, आणि कोण लागोपाठ गैरहजर आहे हे पाहून त्यांच्या घरी जाऊन येते. मी म्हटलं, हेच लिही, याच शब्दांत. कमिटी १० जानेवारीला बसते आहे. शिफारसपत्रं दोन्ही मिळाली आहेत, बाप्तिस्म्याच्या दाखल्याचं पत्र तिने सोमवारी टपालात टाकलं, तिकीट लावलेल्या पाकिटासकट.